लाल पानं कोकणातही असतात

इथल्या मुलांनी पानगळ पाहिलेलीच नसते, म्हणून लाल-पिवळ्या पानांची परदेशी चित्रपुस्तकं त्यांना परकी वाटतात, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे किनाऱ्यालगत, शाळांच्या आवारात देशी बदाम दिसतोच. गळण्याआधी हरितद्रव्य कमी होऊन त्याची तळहाताहून मोठी पानं पिवळी, केशरी, पार लालभडक होतात. फक्त वेळ वेगळी. शरदात आपल्याकडे भातकापणीची घाई असते, बदाम रंगतो तो बहुधा थंडीत. असं पुस्तक तेव्हा वाचायला काढावं.

अशा चित्रपुस्तकांत अमेरिकी लेखिका-चित्रकार लोइस एलर्ट यांचं 'लीफ मॅन' (म्हणजे पानांचा माणूस, २००५) मला फार आवडतं. खऱ्या पानांच्या रंगीत प्रती काढून त्यातली चित्रं जुळवली आहेत, आणि मजकूर इतका थोडका की वाचता वाचता मालवणीत सांगता येतो. वाचून झाल्यावर माझी लेक स्वतःचा पानांचा माणूस करायला अंगणात धावते: बदामाचं धड, आंब्याच्या पानांचे हात, चिंचेच्या पाल्याचे केस! पानं आधी जुन्या वहीत दाबून नीट सुकवा. आपल्या दमट हवेत ओली चिकटवली तर बुरशी धरते.