मुलाच्या हातावरच्या चामखिळी: रुईचा चीक लावावा का?

वाळव्याची_आई
मुलगा नऊ वर्षांचा आहे. उजव्या हाताच्या बोटांवर तीन खरखरीत चामखिळी आहेत, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. एक अंगठ्याच्या नखाला लागून आहे, ती तो दातानं कुरतडतो. टाचेजवळही एक कडक गाठ आहे. ती कुरूप आहे की चामखीळ, ते समजत नाही. सासूबाई रुईचा चीक लावायला सांगतात, शेजारच्या काकू चुना आणि धुण्याचा सोडा. मेडिकलमध्ये सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिडची छोटी बाटली मिळते म्हणे. यातलं घरी काय करावं आणि नेमकं कसं?

औषधवाला_मिरज
ताई, बोटांसाठी बाटलीच घ्या. त्यात दोन्ही ॲसिडं साधारण 16 ते 17 टक्के असतात, म्हणजे लावताय ते किती तीव्र आहे हे माहीत असतं. चिकाचं तसं नाही. तो झाडागणिक आणि ऋतूप्रमाणे बदलतो. घरगुती म्हणता येतील अशा उपायांत सर्वांत भक्कम पुरावा सॅलिसिलिक ॲसिडचाच आहे. 2012 च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या) तेच दिसलं.

रात्री झोपण्यापूर्वी बोट कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. मऊ झालेला पांढरट थर वजरीनं किंवा कागदी कानशीनं हलक्या हातानं घासा. ती वजरी दुसऱ्या कुणी वापरायची नाही, कारण चामखीळ ज्यानं होते तो विषाणू तिच्यावर राहतो. बोट कोरडं करून चामखिळीभोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीनचं कडं घाला, मग काडीच्या टोकानं एकच थेंब बरोबर मधोमध टेकवा. पाच मिनिटांत पांढरी पापडी धरते. वर चिकटपट्टी लावा. दुसऱ्या रात्री जुनी पापडी काढून पुन्हा तेच.

बारा आठवडे धरून चला. बहुतेकांचं इथेच बिनसतं: दोन आठवड्यांत फरक दिसत नाही म्हणून सोडतात, किंवा घाईनं दिवसातून चारदा लावतात आणि कातडी सोलून निघते. लालसर ओलं मांस दिसलं किंवा रक्त आलं तर दोन-तीन दिवस थांबा, भरून आल्यावर पुन्हा सुरू करा. बाटलीतलं कोलोडियन, म्हणजे ॲसिड ज्यात मिसळलेलं असतं तो चिकट द्रव, भुर्रकन पेट घेतं, तेव्हा गॅस किंवा समईजवळ उघडू नका. झाकण घट्ट लावा, नाहीतर औषध दाट होतं. चेहऱ्यावर, तिळावर आणि घरातल्या मधुमेही माणसाच्या पायावर हे कधीही नाही.

वैद्य_कराड
चीक आणि चुन्याबद्दल मी सांगतो, कारण आयुर्वेदाच्या नावावर हे खपवलं जातं. सुश्रुतसंहितेत चर्मकीलाला, म्हणजे चामखिळीला, शस्त्र, क्षार (कातडी जाळणारं द्रव्य) आणि अग्नी सांगितलेत हे खरं, पण ते वैद्यानं हाती घ्यायचं कर्म आहे. क्षार किती वेळ ठेवायचा आणि तो आम्ल द्रव्यानं कसा शमवायचा हेही तिथेच आहे. चुना-सोडा ओला करून कालवला की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो. तो कातडीतल्या चरबीचा साबण करत आत उतरतो. सुरुवातीला फारसं दुखत नाही, आणि दुखायला लागेपर्यंत खोल जखम झालेली असते. कुणी लावलाच असेल तर वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धुवा. अशा वेळी घरी लिंबू पिळू नका, त्यानं उष्णता वाढते.

रुईचा चीक मुलाच्या हाताला लावण्यात सगळ्यात मोठा धोका डोळ्याचा आहे. हात डोळ्याला लागला की बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची आतली बाजू सुजते आणि दिसायला धूसर होतं. कधी कधी दुखतही नाही, म्हणून लोक थांबतात. पंधरा-वीस मिनिटं पाण्यानं धुऊन त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

बिब्बा तर मुळीच नको. तो उतला की फोड फक्त लावलेल्या जागी थांबत नाहीत, आणि राहतो तो काळा डाग. ठेचलेला लसूण रात्रभर बांधून ठेवला तरी कातडी भाजते. घोड्याचा केस बांधायची रीत मानेवरच्या लोंबत्या मसांची. बोटावरच्या खरखरीत चामखिळीला देठच नसतो, बांधणार कशाला? थुजाच्या गोळ्यांचं लोक विचारतात. तळपायाच्या चामखिळींवर थुजासह होमिओपॅथीची कॅनडात 1992 साली चाचणी झाली, तिच्यात गोळ्या आणि नुसती साखर यांत फरक आढळला नाही.

टाच_आणि_तळवा
टाचेची गाठ अशी ओळखा. वरून दाबल्यावर दुखलं तर बहुधा कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखलं तर चामखीळ. वरचा थर घासल्यावर काळे ठिपके दिसले आणि तळव्याच्या रेषा गाठीपाशी तुटल्या तर चामखीळच. ते ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त, मुळं नव्हेत. ‘मूळ काढतो’ म्हणून ब्लेडनं खणण्यात अर्थ नाही. चामखीळ कातडीच्या वरच्याच थरात असते, खणल्यानं ती आजूबाजूला पसरते.

औषध नको असेल तर कापडी चंदेरी टेपचा प्रयोग निरुपद्रवी आहे: सहा दिवस लावून ठेवा, काढून भिजवा, घासा, रात्रभर मोकळं ठेवा, सकाळी पुन्हा लावा, असं दोन महिने. 2002 च्या एका अभ्यासात गुण चांगला दिसला, नंतरच्या अभ्यासांत फारसा नाही. पावसाळ्यात तर तो टाचेवर टिकतच नाही.

वाळव्याची_आई
मनापासून आभार. नखाजवळच्या चामखिळीलाही हाच थेंब चालेल का? आणि काहीच केलं नाही तर?

औषधवाला_मिरज
नखाजवळची त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तिथं ॲसिड नखाच्या मुळाशी झिरपलं तर नख वेडंवाकडं उगवतं. सांगली सिव्हिल किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयाच्या त्वचा ओपीडीत दाखवता येईल. तोवर कुरतडणं थांबवणं महत्त्वाचं, कारण त्यातून ती ओठांवर जाते. दिवसभर पट्टी बांधून ठेवा. काहीच न करणं हाही मुलांमध्ये योग्य पर्याय आहे, दोन वर्षांत साधारण दोन-तृतीयांश आपोआप जातात. मात्र वाढत असतील, दुखत असतील किंवा रक्त येत असेल तर वाट बघू नका.