जुन्या क्वार्तेलात गावचं छोटं म्युझियम करतोय, दाखवायला वस्तूच कमी आहेत, काय करावं?

डिचोलीचा_पोर

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या आमच्या गावात पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, वेळचं एक छोटं क्वार्तेल, म्हणजे शिपायांची चौकी आहे, चिऱ्याच्या भिंती, पुढे लांब सोपा, आत तीन खोल्या, मागे विहीर. १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर तिथे सरकारी गोडाऊन होतं, मग बालवाडी, आणि नंतर नुसती वटवाघळं. आम्ही गावातली काही पोरं आणि दोन रिटायर्ड मास्तर मिळून रविवारी रविवारी जाऊन रान काढलं, कौलं परतली, आणि सरपंचांना म्हटलं इथे म्युझियम करतो तर ते म्हणाले करा, पंचायतीची हरकत नाही.

आता खरी अडचण अशी की दाखवायला आहे काय? गावात फिरून जमवलंय ते म्हणजे एक गंजलेलं हेल्मेट, एक फील्ड टेलिफोन ज्याचा दांडा अजून फिरतो, एनॅमलचे दोन मग, एक पत्र्याची पेटी ज्यात एका आजीने इतकी वर्षं तांदूळ ठेवला होता, थोडे फोटो आणि पोर्तुगीजमधले काही कागद. आमच्यातला एक जण म्हणतो की आर्मीकडे अर्ज करून बाहेर ठेवायला जुना रणगाडा नाहीतर तोफ मागूया, त्याशिवाय कोण येणार बघायला. मला ते पटत नाही पण त्याला उत्तरही देता येत नाही. आणि दुसरं, जून ते सप्टेंबर या वस्तू सांभाळायच्या कशा? परवानग्या कुणाच्या? कुणी असलं काम केलं असेल तर सांगा.

एकचौदावाला

पहिलं काम, रणगाडा वगैरे विसर आणि त्या जागेचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद, काढ. नाव कुणाचं लागलंय ते बघ. पोर्तुगीज सरकारची मालमत्ता ६१ नंतर सरकारकडे आली, त्यामुळे अशा बऱ्याच इमारतींवर पंचायतीचं नाव नसतंच, कुठल्यातरी खात्याचं असतं. सरपंचांची हरकत नाही हे ऐकायला छान आहे पण जागा त्यांची नसेल तर उद्या नवीन पॅनल आलं की तुमचं हेल्मेट रस्त्यावर. खात्याकडून लेखी घ्या, लीज नाहीतर निदान वापराची परवानगी, आणि ती गावातल्या चार पोरांच्या नावावर कोण देणार नाही म्हणून सोसायटी रजिस्टर करा, १८६० च्या कायद्याखाली होते, फार कठीण नाही. हे कंटाळवाणं आहे पण आधी करा.

वास्कोचा_नाविक

मी नेव्हीत एअरक्राफ्ट मेंटेनन्सला होतो, बरीच वर्षं दाबोळीला, म्हणून धातूचं तेवढं सांगतो.

बोगमाळोचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम बघून ये, १९९८ ला सुरू झालं. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, ते मोठं सुपर कॉन्स्टेलेशन, सगळी बाहेर उघड्यावर समुद्राच्या वाऱ्यात उभी आहेत. नौदलाकडे माणसं आहेत, रंग आहे, हँगर आहेत, म्हणून जमतं. तुमच्या दारात एक रणगाडा आला तर तिसऱ्या पावसाळ्यात तो गंजाचा ढीग आणि त्याच्या पोटात डासांची पैदास, आणि रंगाचा खर्च कोण करणार, तो मित्र? त्याला हे विचार.

हेल्मेट आणि टेलिफोनला हात लावायच्या आधी दहा वेळा विचार कर. पाण्याने धुवायचं नाही. सँडपेपर नाही. ते चंदेरी पेंट तर अजिबात नाही, आपल्याकडे किल्ल्यावरच्या तोफांना जो मारतात तो, बघून जीव जातो माझा. सुटा गंज मऊ पितळी ब्रशने हलका काढायचा, कोरड्या फडक्याने पुसायचं आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात द्यायचा. हेल्मेटवर आतून कुणाचं नाव, नंबर, मूळ रंग असेल तर तोच त्याचा पुरावा आहे, चकचकीत केलं की गेला. टेलिफोनचा दांडा फिरवून दाखवायची हौस असते सगळ्यांना, ती बंद करा, बॅटरी आत राहिली असेल तर काढा, फुटून सगळं खाऊन टाकते.

खोलीचं म्हणशील तर चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका, कुणी फुकट करून देतो म्हटलं तरी नको. चिरा पाणी पितो आणि बाहेर सोडतो, सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आतल्या बाजूला येते आणि पापुद्रे सुटतात. चुन्याचंच करा. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे, पायावर उभी. काचेच्या पेटीत ओल शोषायला सिलिका जेल ठेवता येतं पण ते तापवून परत वापरायला माणूस लागतो, नाहीतर नुसती शोभा.

तिखट_फोंडेकर

सगळं ठीक आहे पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. क्वार्तेल म्हणजे काय होतं? माझ्या वडिलांच्या पिढीला ते नाव ऐकलं की घाम फुटायचा. सत्याग्रहींना पकडून नेऊन फोडून काढायचे, पोर्तुगीज पोलिसांतल्या मोंतेरोचं नाव आजही म्हातारी माणसं हळू आवाजात घेतात. आणि आपण त्याच खोलीत त्यांचे मग आणि हेल्मेट काचेत ठेवून लाइट सोडायचे? १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या, पंजाबचा कर्नेल सिंग बेनिपाल तिथे गेला. असं असताना पाखल्यांच्या कपबशा जमवायच्या हे मला तरी कळत नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नको.

कागदबाय

फोंडेकर दादा, तुम्ही म्हणता तेच त्या म्युझियमात यायला पाहिजे ना. मग कोण बसलं होतं त्या खोलीत हे सांगायला ती पेटी नको का? पेटीचंच बघा, सैनिकाची पेटी आणि साठ वर्षं त्यात आजीचा तांदूळ, माझ्या मते तुमच्या संग्रहातली सगळ्यात मोठी वस्तू तीच आहे. आजीला बसवून रेकॉर्ड करा ती पेटी घरात कशी आली, कोणी टाकून गेलं, कोणी उचलली. हे रणगाड्याला सांगता येणार नाही.

घाई फक्त माणसांची आहे. ६१ ला जो पंधरा वर्षांचा होता तो आता ऐंशीच्या घरात. डिचोली तालुका म्हणजे तुमच्याच अंगणातून पलटणी गेल्यात, १८ डिसेंबरला ब्रिगेडियर सगत सिंगांची ५० पॅरा ब्रिगेड दोडामार्गच्या बाजूने उतरली, त्यातली २ पॅरा, मराठा पलटण, साखळी-उसगाव करत फोंड्याला, आणि शीख लाइट इन्फंट्री अस्नोडा-थिवीच्या अंगाने बेतीला. अस्नोड्याचा पूल पाखल्यांनी जाताना उडवला. तेव्हा गावातल्या लोकांनी काय ऐकलं, कोणी जवानांना नदीचा उतार दाखवला, कोण डोंगरात पळून गेले, क्वार्तेलातले शिपाई कधी आणि कुठल्या रस्त्याने गेले हे विचारा. १९ ला संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाने शरणागती दिली हे पुस्तकात मिळेल, तुमच्या सोप्यावर काय झालं ते पुस्तकात नाही. पकडलेले पोर्तुगीज सैनिक १९६२ च्या मेपर्यंत इथेच कॅम्पात होते, फोंड्यात एक कॅम्प होता, त्याबद्दल फोंडेकर दादांच्याच घरात कोणाला तरी आठवत असेल बघा.

आणि त्या काळाचा रेडिओही विसरू नका. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते ६१ जंगलातून गुप्त केंद्र चालवलं. गावात कोणी चोरून ऐकायचं का? ज्या घरात ऐकायचे तो रेडिओ अजून माळ्यावर असू शकतो.

कागदांचं: लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तर मुळीच नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते. स्कॅन करा, मूळ कागद धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून सपाट ठेवा, घरवाल्यांना परत हवा असेल तर द्या आणि भिंतीवर कॉपी लावा, उन्हात मूळ फोटो लावून उडवण्यापेक्षा ते बरं. प्रत्येक वस्तूला नंबर, कोणी दिली, कधी, देणगी की उसनी, आणि देणाऱ्याची सही. हे वहीत पहिल्या दिवसापासून. नाहीतर दहा वर्षांनी नातू येऊन म्हणतो आमचा बिल्ला द्या. पोर्तुगीज वाचणारं कोणी नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात चौकशी करा, ते दफ्तर १५९५ पासूनचं आहे, तुमच्या चौकीचा पत्रव्यवहार तिथे सापडला तर मजा येईल.

डिचोलीचा_पोर

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. एक-चौदा उद्याच काढतो. आजीला विचारलं, ती म्हणते पेटी तिच्या सासऱ्याने क्वार्तेलाच्या मागच्या विहिरीजवळून आणली आणि आतला कोट फाडून गोठ्यात वापरला, कोटाचं ऐकून आमचे मास्तर डोकं धरून बसले. रणगाडावाला मित्र अजून रुसलाय.

अजून एक, विहिरीचा गाळ काढायचं ठरलंय कारण पळताना त्यात सामान टाकलं असं सगळे म्हणतात. आणि एकाने शेतात सापडलेली लोखंडी नळकांड्यासारखी वस्तू आणून ठेवायची तयारी दाखवलीय, वजनदार आहे, एका बाजूला टोक.

वास्कोचा_नाविक

थांब. ती आणू देऊ नकोस, त्यालाही हात लावू देऊ नकोस, फोटो काढायला जवळही नको. जागेवर खूण करून पोलिसांना फोन कर, ते बॉम्ब स्क्वॉड आणतील. साठ वर्षं जमिनीत राहिलेली दारू निकामी झाली असं समजायचं नसतं, उलट कधीकधी जास्त नाजूक होते. विहिरीचंही तेच, गाळ काढायच्या आधी पोलिसांना सांगा, मजुरांना आत सोडून हौस करू नका.

बंदूक-पिस्तूल कोणी आणून दिली तर ती घेऊ नका, आर्म्स ॲक्ट आहे. त्या माणसालाच पोलीस स्टेशनला जाऊन जमा करायला सांगा.

एकचौदावाला

तलवार किंवा छोटी तोफ निघाली तर तिचं वयही बघा, शंभर वर्षांवरची असली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, पुरातत्त्व खात्याला कळवा. ६१ च्या मगांना काही होत नाही.

तिखट_फोंडेकर

बाय, तुमचं वाचून घरी विचारलं. आत्या म्हणते कॅम्पच्या तारेजवळून शाळेला जायचो आणि आतले पाखले पोरांना हाका मारायचे, आजीने त्या रस्त्याने जायला बंदी घातली होती. मला हे आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. पोरा, रेकॉर्डिंगला मोबाइल चालतो की वेगळा माइक लागतो? आत्याचं वय ७६ आहे, या रविवारी जातो.

कागदबाय

मोबाइल चालतो दादा, फक्त पंखा बंद करा आणि टीव्ही पण. एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर मध्येच कोणाचा तरी फोन येतो. मधे मधे बोलू नका, तुमचा स्वभाव दिसतोच आहे :)