साखरांबा घालून ब्रेकफास्ट मार्टिनी: तळाशी गोळा राहतोय, काय चुकतंय?

शहापूरकर
ब्रेकफास्ट मार्टिनी या जिनच्या कॉकटेलमध्ये मार्मालेडच्या (संत्र्याच्या सालीसकट केलेल्या मुरांब्याच्या) जागी घरचा कैरीचा साखरांबा वापरतोय. माप असं: जिन ६० मिली, ट्रिपल सेक (संत्र्याचं गोड लिकर) १५, लिंबाचा रस १५, साखरांबा दोन चहाचे चमचे भरून. सगळं बर्फासकट शेकरमध्ये टाकून हलवलं. चव गुळचट, साखरांबा तळाला तसाच बसलेला, वर गाळणी तुंबते. साखरांब्यात वेलदोडा आहे. माप चुकतंय की पद्धत?

खानापूर_रोड
दोन्ही. आधी पद्धत.

बर्फ शेवटी. गारठला की साखरेचा पाक घट्ट होतो, मग कितीही हलवा, तो विरघळत नाही. जिन आणि साखरांबा बिनबर्फाचे शेकरमध्ये घ्या आणि लांब चमच्यानं अर्धा मिनिट घोटा. कैरीच्या फोडी असतील तर चमच्याच्या पाठीनं भांड्याच्या कडेला दाबा. जिन ढगाळ दिसली आणि तळाला पाकाची तार उरली नाही, की मगच लिंबू आणि ट्रिपल सेक. नंतर शेकर काठोकाठ बर्फानं भरा आणि १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. बाहेरून दव धरलं की थांबा. बर्फाचे खडे मोठे हवेत; फ्रीजमधून काढून ओले झालेले बारीक तुकडे घातले तर पेय पाणचट होतं.

गाळताना शेकरच्या जाळीखाली चहाची गाळणी धरा. तुंबली की चमच्यानं गाळणीची कड हलके ठोका. आतला गर दाबून काढू नका, तो खाली उतरला की पेय पिठूळ लागतं.

टिळकवाडी_४२
वरचं बरोबर, खरं गुळचटपणा त्यानं जाणार नाही. हे पेय साल्वातोरे कालाब्रेसे यांनी १९९० च्या दशकात लंडनच्या लेन्सबरो हॉटेलच्या बारमध्ये बसवलं: जिन ५०, क्वांत्रो (ट्रिपल सेकचाच एक ब्रँड) १५, पिवळ्या लेमनचा रस १५ आणि एक चमचा संत्र्याचं मार्मालेड. नावात मार्टिनी असली तरी मार्टिनीतली व्हर्मूथ, म्हणजे मसाल्याची वाइन, यात नाही. घाट सगळा ‘सावर’चा, म्हणजे मद्यात आंबट रस आणि गोड घालून केलेल्या कॉकटेलचा. मार्मालेडमध्ये सालीचा कडूपणा असतो आणि तोच गोडी आवरतो. साखरांब्यात साल नाही, कडू नाही. त्यात ट्रिपल सेकही गोडच. मग कुंदा पिल्यासारखं होणारच की.

म्हणून असं करा: जिन ६०, ट्रिपल सेक १०, कागदी लिंबाचा रस २०, साखरांबा एकच चमचा, सपाट. कडूपणा बाहेरून आणा. संत्र्याची साल रुपयाच्या नाण्याएवढी कापा, आतला पांढरा भाग थोडा ठेवा, आणि पेल्यावर पिळा म्हणजे तेलाचे थेंब पृष्ठभागावर पडतात. साल आधी कोमट पाण्यात घासून धुवा, मेणाचा थर असतो. ऑरेंज बिटर्स (संत्र्याच्या सालीचा कडू अर्क) मिळाले तर दोन थेंब.

लिंबू पिळायचं ते हलक्या हातानं. साल चुरडेपर्यंत दाबलं की भलताच कडवटपणा उतरतो, तो आपल्याला नको असलेला.

निपाणीचा_अण्णा
वेलदोड्याची काळजी नको. बऱ्याच जिनमध्ये वेलदोडा असतोच, जुळतो. लवंग घातलेला साखरांबा मात्र घेऊ नका, जिनला मूळ वास देणारं जुनिपरचं फळ पार झाकतो. तेच गुळांब्याचं: गुळाचा वास जिनवर बसतो, तो रमसाठी ठेवा. बाजारच्या जॅममध्ये पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) जास्त, गुठळ्या होतात. आधी चमचाभर गरम पाण्यात सैल करून घ्या. पिकल्या करवंदाचा जॅम असेल तर उत्तम. तो मुळात आंबट, तेव्हा लिंबू १५ वरच ठेवा. बिया आधी गाळा.

शहापूरकर
शेकर एकच आहे आणि चौघांना द्यायचं आहे. स्टीलचा डबा चालेल? आणि जिन कुठली?

खानापूर_रोड
फिरकीच्या झाकणाचा, गळत नसलेला डबा चालतो. एका वेळी दोनच पेले करा, बर्फाला हलायला जागा लागते. गारठल्यावर आतली हवा आकसून झाकण घट्ट बसतं. ओढत बसू नका, कडेला तळहातानं थाप मारा. काचेची बरणी नको.

जिन साधी लंडन ड्राय प्रकारची, जुनिपरची चव ठसठशीत असलेली. गुलाबी, फुलांच्या वासाच्या जिन इथं वाया जातात. गोव्यात बनणारी ग्रेटर दॅन चालेल, खरं तिकडून बाटली आणायची तर परवान्याचे नियम आधी बघा. पेले अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. चार पेले भरून होईपर्यंत पहिला कोमट झाला तर वरची सगळी खटपट फुकट.