पुण्याला नाही गेला म्हणजे फुकट गेला?

वडगावचा मागवाला: परवा इथं एकानं लिहिलं, "बेळगावातल्या वडगावचा तो पोरगा पाच वर्षं रॅप करतोय, अजून गल्लीतच. दम असता तर पुण्याला गेला असता." डोकंच फिरलं. दिवसा तो उद्यमबागेत फौंड्रीत असतो. रात्री शेजारचे माग थांबले की गोधडी डोक्यावर घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करतो. लेबल नाही, मॅनेजर नाही. गाण्यात सुताचा भाव, मागाचं कर्ज, कपिलेश्वर तलावावरची विसर्जनाची रात्र. हे पुण्यात बसून कोण लिहिणार? पुण्याचा रॅपर एमसी स्टॅनसुद्धा आपल्या ताडीवाला रोडचं नाव घेऊनच वर आला की. 'बिग बॉस' जिंकला ते नंतर, 2023 ला.

टिळकवाडीकर: ती पोस्ट माझीच. ताडीवाला रोड पुणे स्टेशनला चिकटून आहे दादा. वडगावला चिकटून काय आहे? येळ्ळूर गाव. माझा धाकटा भाऊ असाच 'आपल्या मातीत' तबला वाजवत राहिला. आता कुरिअर वाटतोय.

शहापूरची अक्का: पैशाचं राहू दे. त्याच्या रॅपमध्ये ते 'बेकु' (पाहिजे), 'साकु' (पुरे) कशाला? बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळायचा आणि पोरांनी कानडी घुसडायचं?

खानापूर रोड: अक्का, गणपत गल्लीत भाजी घेताना 'एष्टु?' (कितीला?) कोण विचारतं? आपण 'काय करुलालास' म्हटलं की पुण्याचे हसतात, हे कानडी म्हणतात. पोरगं तेच बोलतं, फक्त यमक जुळवून.

शहापूरची अक्का: मला शिकवू नका. भाजी वेगळी, गाणं वेगळं. 2004 पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. माझे सासरे तारखा मोजत मोजत गेले.

खानापूर रोड: सासऱ्यांचं वाईट वाटतं, खरंच. पण त्यात 'साकु'चा काय दोष?

शहापूरची अक्का: तुमच्या घरची पोरं कुठल्या शाळेत जातात ते सांगा आधी. इंग्रजी ना? मग गप बसा.

अनगोळ साउंड: शाळा सोडा, बॅनरचं बोला! पाट्यांवर 60 टक्के कानडी पाहिजे, 2024 पासून तसा कायदाच आहे. शिवजयंतीला त्याच्या कार्यक्रमाचा बॅनर मी लावला, तर मराठी अक्षरं मोठी म्हणून रात्रीत उतरवला. नवा छापला तो माझ्या खिशातून. आणि मंडळानं पोराला काय दिलं? शाल आणि नारळ. डीजेला मात्र रोख, तेही आगाऊ.

टिळकवाडीकर: म्हणजे मी म्हणालो तेच. पोट भरत नाही.

वडगावचा मागवाला: नाही भरत. झालं समाधान? आमच्या गल्लीतनं चौघं गेले होते पुण्याला रॅपर व्हायला. रूमचं भाडं भरताना दम निघाला, चौघांचं मिळून एक गाणं नाही आलं. ह्याची अकरा आलीत, गोधडीतनं.

टिळकवाडीकर: बरं बाबा, थोर आहे तुमचा पोरगा. लिंक टाका, ऐकतो.

अनगोळ साउंड: थांब मर्दा. म्हणजे अजून ऐकलंच नव्हतंस??