मदत हवी आहे: असईच्या लढाईची शिंदेशाही कागदपत्रं

नमस्कार मंडळी, आर्थर वेलस्लीवर, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनवर, लेख लिहितोय. मला त्याची दख्खनची मोहीमच जास्त रंजक वाटते. २३ सप्टेंबर १८०३, भोकरदनजवळचं असई, समोर शिंद्यांची फौज. वाटाडे म्हणाले, कैलना नदीला उतार, म्हणजे चालत पार करण्याजोगी जागा, नाही. यानं समोरासमोरच्या काठांवर दोन गावं पाहिली आणि ताडलं, इथून लोक ये-जा करत असणारच. उतार निघाला! लढाईत एक घोडा त्याच्या अंगाखाली ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. त्याची दीडेक हजार माणसं मेली किंवा जखमी झाली.

इंग्रजी कागद ढीगभर आहेत. शिंद्यांच्या गोटातली मोडी पत्रं, विशेषतः तोफखान्याबद्दलची, लिप्यंतर होऊन कुठे छापली आहेत का? आणि भोकरदनकडचं कुणी आहे का इथे? तो उतार आज दाखवता येईल का?