मदत हवी आहे : परवानगीशिवाय चालणाऱ्या ब्राउझरच्या सुविधांतून होणारे ट्रॅकिंग कसे रोखावे?

नमस्कार. माझ्या ब्राउझरमध्ये त्रयस्थ कुकी (आपण उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी दुसऱ्याच कोणी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखखुणा) बंद आहेत, त्यामुळे त्या वाटेने होणाऱ्या ट्रॅकिंगची मला फारशी चिंता नाही. चिंता आहे ती ज्या सुविधा वापरताना संकेतस्थळाला आपली परवानगीच मागावी लागत नाही, त्यांची.

कॅनव्हास या, पानावर चित्र रेखाटण्याच्या सुविधेचेच पाहा. संकेतस्थळ एखादे वाक्य आपल्याला न दिसेल अशा रीतीने कॅनव्हासवर रेखाटते आणि उमटलेले पिक्सेल परत वाचून घेते. फॉन्ट, ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर यांनुसार अक्षरांच्या कडा किंचित वेगळ्या उमटतात, आणि हा फरक स्क्रीनचा आकार, टाइम झोन व भाषा यांच्याशी जोडला की उपकरण पुष्कळदा वेगळे ओळखता येते. कुकी पुसता येते. ही खूण पुसायची कशी?

डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या २०१० मधील पॅनोप्टिक्लिक प्रयोगात ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा (म्हणजे अशा सर्व खुणांचा मिळून होणारा संच) इतर कोणाशीही जुळला नव्हता. त्यात फ्लॅश व जावा प्लगइनमधून कळणाऱ्या फॉन्टांच्या यादीचा मोठा वाटा होता आणि ती वाट आता बंद झाली आहे, म्हणून तो आकडा आज जसाच्या तसा धरता येणार नाही. पण क्रोममध्ये २०२३ साली वेबजीपीयू (संकेतस्थळाला ग्राफिक्स कार्ड वापरू देणारी सुविधा) आले, म्हणजे ग्राफिक्स कार्डाविषयी विचारणा करण्याची आणखी एक वाट उघडली. वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या बॅटरीच्या माहितीतूनही थोड्या काळापुरती ओळख पटवता येते, हे संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले होते. फायरफॉक्सने २०१७ मध्ये ती संकेतस्थळांना देणे बंद केले. मला तो निर्णय अगदी योग्य वाटतो.

आता मूळ अडचण. टॉर ब्राउझर आपल्या सर्व वापरकर्त्यांना संकेतस्थळांपुढे शक्य तितके एकसारखे दाखवतो, तर ब्रेव्ह ब्राउझर कॅनव्हाससारख्या सुविधांच्या उत्तरांत मुद्दाम थोडा फरक मिसळतो. साध्या फायरफॉक्समध्ये ‘रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग’ हे ठसा घेण्यास अडथळा आणणारे सेटिंग सुरू करता येते, पण ते फार थोडे लोक वापरत असल्यामुळे त्यानेच मी वेगळा उठून दिसेन, अशी शंका येते. शिवाय बँकाही फसवणूक ओळखण्यासाठी उपकरणाची अशीच चिन्हे तपासतात. तेथे लॉगिन अडकणे मला परवडणारे नाही.

रोजच्या कामाच्या एकाच ब्राउझरमध्ये हे सारे सांभाळता येते का, की बँकेसाठी निराळे प्रोफाइल ठेवणेच बरे? आणि प्रोफाइल वेगळे केले, तरी ग्राफिक्स कार्ड तेच असताना दोन्हींची सांगड घालणे कितपत सोपे असते? ज्यांनी हे प्रत्यक्ष वापरून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.