मदत हवी आहे: एक यूएसबी हब अडकला की सगळी सिरीयल उपकरणं गायब

पोर्टशोधक:
सर्व्हरला २४ सिरीयल उपकरणं यूएसबी हबवरून जोडली आहेत. एक हब अडकला की त्यावरची सगळी जातात. रीबूट केलं की पोर्टांचे नंबर बदलतात आणि एकाचा डेटा दुसऱ्याच्या नावावर पडतो. पुढे उपकरणं वाढणार आहेत. एक भाग बिघडला तरी बाकीचं चालू राहायला हवं. काय घ्यावं? लवकर सांगा, काम थांबलंय.

खटपट्या:
आरएस-२३२ (एका तारेवर एकच उपकरण) की आरएस-४८५ (तारांच्या एका जोडीवर अनेक उपकरणं)? अंतर किती? प्रोटोकॉल कुठला? लिनक्स आहे का?

पोर्टशोधक:
लिनक्सच. नऊ पिनांचे कनेक्टर आहेत, म्हणजे २३२च ना?

खटपट्या:
नऊ पिनांवर ४८५ही देतात. प्रत्येक उपकरणाचं मॅन्युअल बघा.

जुनी_वायर:
सगळं ४८५वर न्या. एका जोडीवर ३२ युनिट लोड (म्हणजे साधारण ३२ उपकरणं), कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जातं. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा, फांद्या काढू नका. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालू आहे.

निशाचर:
त्यांना बिघाड पसरायला नकोय आणि तुम्ही सगळी एकाच जोडीवर टांगताय! एका उपकरणाचा ट्रान्समीटर चालूच राहिला तर अख्खी लाइन बंद. त्यापेक्षा सिरीयल डिव्हाइस सर्व्हर, म्हणजे सिरीयल पोर्ट नेटवर्कवर आणणारा डबा घ्या, २४ पोर्टांचा एक नको, ८ पोर्टांचे तीन. दोन इथरनेट, दोन पॉवर इनपुट असलेले बघा आणि दोन वेगळ्या स्विचना जोडा. डबा गेला तर आठच जातील. वाढवायचं तर आणखी एक डबा.

जुनी_वायर:
एकच जोडी असं मी कुठे म्हटलं? चार करा. आणि मोडबस आरटीयू (सिरीयल लाइनवरचा मोडबस प्रोटोकॉल) असेल तर दोन फ्रेमच्या, म्हणजे संदेशांच्या, मध्ये साडेतीन अक्षरांची शांतता लागते. नेटवर्कवरून फ्रेम तुकड्यांत आली की गोंधळ.

निशाचर:
त्यासाठी गेटवे मोड असतो. आरटीयू डब्यापर्यंतच, पुढे सर्व्हरशी मोडबस टीसीपी, म्हणजे तोच मोडबस नेटवर्कवरून.

अक्षरओळ:
डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच ठेवा, नंतर फार त्रास होतो.

पोर्टशोधक:
डेटाबेस ठीक चालू आहे, प्रश्न तो नाही. मॅन्युअल पाहिली: १८ उपकरणं २३२, ६ उपकरणं ४८५ मोडबस. सर्वांत लांबचं ६० मीटरवर. आणि पहिला सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं आहे.

खटपट्या:
दुसरा सर्व्हर आहे हे आधी सांगायला हवं होतं. मग यूएसबी बादच, ती केबल आपोआप दुसऱ्या मशीनला जात नाही. २३२ साधारण १५ मीटरपर्यंतच धरा. म्हणून डबे उपकरणांजवळ ठेवा, पुढचं अंतर इथरनेटने कापा.

एक गोष्ट नक्की तपासा. पहिला सर्व्हर अचानक मेला तर डबा जुनं कनेक्शन धरून बसतो आणि दुसऱ्याला पोर्ट बिझी मिळतो. डब्यातली टीसीपी कीपअलाइव्हची (गप्प कनेक्शन जिवंत आहे का हे तपासण्याची) मुदत कमी करा. लिनक्समध्ये मूळ मुदत ७२०० सेकंद असते, म्हणून सेर२नेट (सिरीयल पोर्ट नेटवर्कवर देणारा प्रोग्रॅम) वापरणारेही इथेच अडकतात.

डबे येईपर्यंत पोर्ट नंबरने उघडू नका, डेव्हमधल्या सिरीयल फोल्डरातली बाय-पाथची नावं (कुठल्या यूएसबी जागेला जोडलंय त्यावरून पडणारी) वापरा. बाय-आयडी (कन्व्हर्टरच्या ओळखीवरून पडणारी नावं) नको, स्वस्त कन्व्हर्टरना वेगळा सिरीयल नंबर नसतो.

पोर्टशोधक:
बाय-पाथ आत्ता लावतो. कीपअलाइव्ह किती ठेवू?

निशाचर:
उपकरणं किती सेकंदांनी वाचता? आणि मधे किती वेळ डेटा नसला तर चालेल?